परदेशी कोण जाणार आणि काय शिकणार?

एखादे राष्ट्र आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-विनिमयात किती सहभागी आहे हे सांगताना बहुधा करारांची यादी दिली जाते. आपल्या देशाची यादीही लहान नाही. फुलब्राइट कार्यक्रमासाठी अमेरिकेशी १९५० साली करार झाला. त्याच वर्षी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली. १९६४ पासून ‘आयटेक’ योजनेखाली अनेक विकसनशील देशांचे अधिकारी व तंत्रज्ञ प्रशिक्षणासाठी भारतात येत आहेत. ही देवाणघेवाण अभिमानास्पदच आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने यादीपाशी थांबू नये. देशाच्या नावाने परदेशी कोण जातो आणि तेथे कोणता विषय शिकण्याची त्याला मुभा असते, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून या सहभागाचे खरे मोल कळत नाही.

बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले, हे आपल्या शाळेतील लहान मुलासही ठाऊक आहे. त्या शिष्यवृत्तीचे स्वरूप मात्र आपण क्वचितच पाहतो. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा तो करार होता. या मर्यादित साहाय्यातून कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र, समाजशास्त्र व मानववंशशास्त्राची दारे खुली झाली. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला. ज्या व्यवस्थेने त्यांना शाळेत वर्गाबाहेरचे जिणे दिले, तिचीच चिकित्सा त्यांनी विद्वानांच्या सभेत समान आसनावरून केली. पुढे मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयातील वेतनाची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज एवढ्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. शिष्यवृत्ती मध्येच थांबली की विद्यार्थ्याची काय अवस्था होते, याचा हा आपल्या घरचाच दाखला आहे.

अधिकार हाती येताच त्यांनी हा अनुभव धोरणात उतरवला. जुलै १९४२ पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. भारतीय तरुणांना इंग्लंडमधील केंद्रांत व कारखान्यांत यंत्रकाम शिकवणारी ‘बेव्हिन प्रशिक्षण योजना’ तेव्हा चालू होती व त्यांच्या खात्याशी संबंधित होती. त्याच वर्षी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी, तसेच परदेशी शिक्षणासाठी सरकारी अनुदान मागितले. परदेशी शिक्षण हा त्यांच्या दृष्टीने चैनीचा विषय नव्हता. राज्यकारभारात व उद्योगात मोक्याच्या जागा मिळवण्याचे ते साधन होते.

याच विचाराच्या वाटेवर केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून सुरू आहे. आज देशभरासाठी तिच्या जागा अवघ्या १२५ आहेत आणि कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपये आहे. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्य शासनाची स्वतंत्र योजना आहे. तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७५ जागा आहेत. कोट्यवधींच्या समाजासाठी हे दार किती अरुंद आहे, हे वेगळे सांगावयास नको.

दार अरुंद तर आहेच, आता आत जाणाऱ्यावर बंधनही आले आहे. २०२२ साली केंद्राच्या योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. या विषयांची साधने व तज्ज्ञ भारतातच अधिक आहेत, तेव्हा मर्यादित पैसा इतर विषयांना द्यावा, असे त्यामागचे समर्थन आहे. ते वरवर पटणारे आहे. पण संशोधकास केवळ कागदपत्रे पुरत नाहीत. ज्यांच्या कृपेवर आपली पदवी अवलंबून नाही असे मार्गदर्शक आणि निर्भयपणे प्रश्न विचारण्याजोगे वातावरणही त्याला लागते. हाच नियम १९१३ साली असता, तर जातिसंस्थेचा अभ्यास करू इच्छिणारा भीमराव रामजी आंबेडकर हा विद्यार्थी अपात्र ठरला असता. एवढी एकच गोष्ट त्या नियमाचा फेरविचार करण्यास पुरेशी आहे.

जुलै २०२५ मध्ये आणखी एक धक्का बसला. निवडलेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी केवळ ४० जणांना प्रारंभी तात्पुरती मंजुरीपत्रे मिळाली आणि उरलेल्यांचे भवितव्य निधीच्या उपलब्धतेवर सोडण्यात आले. परदेशी विद्यापीठाची प्रवेशाची तारीख सरकारी तिजोरीसाठी थांबत नाही. निवड झालेल्या मुलाने सप्टेंबरच्या तोंडावर पैशाची वाट पाहत बसावे, हे कोणत्याही राष्ट्राला शोभणारे नाही.

शासनाकडे मागणी करणे हे आपले कर्तव्य आहे आणि ते संघटितपणे केले पाहिजे. जागा वाढाव्यात, विषयबंदी उठावी, निवडीबरोबरच निधीची हमी मिळावी, या तीन मागण्या पुरेशा स्पष्ट आहेत. पण आपल्या हातातली कामेही कमी नाहीत. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट यांची जुळवाजुळव शेवटच्या महिन्यात होत नाही. इंग्रजी लेखन, अभ्यासहेतूचे निवेदन, शिफारसपत्रे यांची तयारी पदवीच्या पहिल्या वर्षीच सुरू झाली पाहिजे. या वसतिगृहातून बाहेर पडून परदेशी पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एका मुलाचा अर्ज वाचून सुधारून द्यावा. पालकांनीही मुलीच्या पासपोर्टसाठी तिच्या लग्नाच्या खर्चाइतकीच आधीपासून तजवीज करावी.

देशाचे प्रतिनिधित्व विमानात बसणाऱ्यांच्या संख्येवर ठरत नाही. ज्यांना शतकानुशतके पाटीला हात लावू दिला नाही, त्यांची मुले जगातील ज्ञानकेंद्रांत स्वतःच्या समाजाविषयी स्वतःचा प्रश्न विचारू शकतात की नाही, यावर ते ठरते.