गंज म्हणजे शेवट नव्हे

कॅडेट मित्रांनो, रायफलवर गंजाचा ठिपका दिसला म्हणून कोणी ती भंगारात देत नाही. आपण ती पुसतो, तेलाचा हात फिरवतो. मग घरातल्या लोखंडाला वेगळा न्याय का? माझे मत असे, की प्रत्येक कॅडेटने एका सुट्टीत तरी जुनी बिडाची शेगडी शोधून स्वतःच्या हाताने दुरुस्त करावी.

आमचे घर तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशमचे. व्यंकोजीराजांमुळे १७व्या शतकात या मुलखात मराठी रुजली. दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८–१८३२) काळातले ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने जपले. पाककृती राहिल्या, पण घरोघरच्या कोळशाच्या शेगड्या, ज्यांना इथे ‘कुमुट्टी अडुप्पू’ म्हणतात, गॅस आल्यावर किलोच्या भावाने गेल्या. आता तेच लोक अंगणात कणसे आणि मासळी भाजायला पातळ पत्र्याचे नवे बार्बेक्यू आणतात. पातळ पत्रा सततच्या आचेने आणि पावसाने लवकर खचतो. जाड बीड निगा राखली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

भंगारवाल्याकडे शेगडी उचलून लहान पान्याने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर बहुधा धडकी आहे. बद्द आवाज आला तर तडा शोधा. वरचा गंज चालतो, तडा चालत नाही. घरी आणून तारेच्या ब्रशने घासा, धुवा आणि लगेच कोरडी करा. मग तेलाचा अगदी पातळ हात देऊन धूर थांबेपर्यंत तापवा. हे तीन-चार वेळा केले की काळा, घट्ट थर बसतो. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतू नका, ते तडकते.

काही पथ्ये मात्र पाळाच. जुना रंग कोरडा घासू नका. त्यात शिसे असू शकते. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी भाजायला वापरू नका. आणि पेटती शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

काही पालक म्हणतील, “नवी आणली तर मुलाचा वेळ वाचेल.” वेळ वाचेल, हे खरे. पण इन्स्पेक्शनसाठी बूट चमकवणे आणि कोणी पाहत नसताना एखादी वस्तू पुन्हा कामाला लावणे, या दोन वेगळ्या शिस्ती आहेत. पहिली शाळा शिकवते. दुसरी घरीच शिकावी लागते, आणि सीमेवरच्या चौकीत जनरेटर बंद पडतो तेव्हा तीच उपयोगी पडते. तिथे नवा घ्यायला दुकान नसते.

येत्या सुट्टीत आईवडिलांना एवढेच विचारा: आपली जुनी शेगडी कुठे आहे?