टाळ्यांना रामराम

ग्लेन गूल्ड मैफल सोडून पळाला म्हणे! पळाला? कॅनडाच्या या पियानोवादकाने १९६४ साली, वयाच्या ३१व्या वर्षी, नाव ऐन भरात असताना जाहीर मैफली कायमच्या बंद केल्या आणि स्टुडिओ गाठला. तिथे एकच तुकडा पुन्हापुन्हा वाजवायचा, टेप कापून चांगले टेक जोडून घ्यायचे. सोवळ्यातल्या रसिकांची लगेच ओरड.. ही तर फसवणूक! का बुवा? आपण कोड दहादा टेस्ट करून रिलीज करतो, ती काय फसवणूक? बाखचे 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' त्याने १९५५ मध्ये रेकॉर्ड केले, आणि १९८१ मध्ये पुन्हा, अगदी वेगळ्या चालीने. पुढच्याच वर्षी गेला, जेमतेम पन्नाशीत. दोन्ही ऐका राव. जोड कुठे सापडला तर मला कळवा.