सत्ता, संपत्ती आणि कारभाऱ्याची कसोटी

परंड्याचा भुईकोट किल्ला सत्तेच्या चंचलतेचा साक्षीदार आहे. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यानंतर मलिक अंबरने निजामशाहीचे तख्त येथे उभे केले. याच किल्ल्यावरील सुमारे ५५ टन वजनाची मलिक-ए-मैदान तोफ १६३२ मध्ये विजापूरला नेण्यात आली. तख्त गेले, तोफ गेली. तटबंदी तेवढी उरली.

याच जिल्ह्याच्या मुख्यालयात, तत्कालीन उस्मानाबाद व आताच्या धाराशिव येथे, जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीला काही संघटनांनी विरोध केला होता. या वादात धर्मगुरूच्या धर्माची चर्चा पुष्कळ झाली. मात्र तो धर्म सत्ता व संपत्तीकडे कसा पाहतो, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

ख्रिस्ती विचार संपत्तीला मुळातच पाप मानत नाही. धनाचा खरा धनी ईश्वर असून मनुष्य त्याचा केवळ कारभारी आहे, ही त्यामागील भूमिका आहे. भरघोस पीक आल्यावर मोठी कोठारे बांधण्याचे बेत करणारा आणि त्याच रात्री मरण पावणारा धनिक येशूच्या दाखल्यात मूर्ख ठरतो, तो श्रीमंत असल्यामुळे नव्हे, तर साठ्याच्या भरवशावर शेजाऱ्याला व ईश्वराला विसरल्यामुळे. सत्तेबाबतही हाच न्याय आहे. जगातील राज्यांचे वैभव नाकारणारा येशू पुढे शिष्यांचे पाय धुतो. अधिकार याचा अर्थ सेवा, हा त्या कृतीचा आशय होय.

तथापि, चर्चचा इतिहास नेहमीच या शिकवणुकीला धरून राहिलेला नाही. खुद्द वसईत १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमलात क्रूस आणि तोफ एकाच तटाच्या आत नांदत होते. म्हणूनच या परंपरेतील ज्यांनी ही शिकवण गांभीर्याने घेतली, त्यांना प्रथम आपल्याच घराची झडती घ्यावी लागली.

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक हे त्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ काम केले. परदेशी पैशावर उभी राहिलेली मंडळी या मातीत रुजणार नाही, असे त्यांचे मत बनत गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानत. वाट्याला आलेली कर्जखते इंद्रायणीत बुडवणारे तुकोबा आणि पगार सोडणारे टिळक यांच्यातील नाते मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

फादर दिब्रिटो यांनी हाच वारसा सार्वजनिक जीवनात आणला. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत वसईतील बागायती, विहिरी आणि मोकळ्या जमिनीवर बांधकाम व्यवसायाची नजर पडली, तेव्हा त्यांनी हरित वसईच्या चळवळीचे नेतृत्व केले. जमीन ही केवळ विक्रीची वस्तू नसून पुढील पिढ्यांची ठेव आहे, हा त्या लढ्याचा गाभा होता. येथे कारभारीपणाचा सिद्धांत प्रवचनातून उतरून थेट पाण्याच्या आणि शेतीच्या प्रश्नाला भिडला. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

दुष्काळाशी झुंजणाऱ्या परंडा तालुक्याला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. तलावातील पाणी कोणाच्या शेतात जाते, साखर कारखाना व बँकेचा कारभार कोणासाठी चालतो आणि देवस्थानाच्या जमिनीचे उत्पन्न कोठे मुरते, हे प्रश्न कारभाऱ्याला विचारायचेच आहेत. चर्चच्या मालमत्तांनाही ते तितकेच लागू पडतात. कारभारी बदलतात; हिशेब मात्र मागितला जातोच. तख्त गमावलेल्या परंड्याच्या किल्ल्याने ही गोष्ट कितीतरी आधी पाहिली आहे.