शिक्षा भाषांतराला

हिंसेला चिथावणारं बोलणं कायद्याने रोखावं की नाही, हा वादच मला पोकळ वाटतो. रोखावंच. चिकपेटेत राहणाऱ्याला ते पटवून द्यावं लागत नाही. इथे एका गल्लीत कन्नड, तेलुगू, दखनी, मारवाडी आणि आमची मराठी एकमेकींच्या कानावर पडत असतात. डिसेंबर २०२१ मध्ये याच शहरात शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई ओतल्याची चित्रफीत बेळगावला पोहोचली, तिथे दगडफेक झाली, संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. माझं भांडण वेगळं आहे. चिथावणी झाली की नाही, हे कोणत्या भाषेत वाचून ठरवता?

१८९७ घ्या. १५ जूनच्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत आला, त्यात अफझलखानाच्या वधाची चर्चा होती. २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. सरकारच्या डोक्यात तो खून होता, पण टिळकांवर खुनाच्या चिथावणीचा आरोप ठेवलाच नाही, ठेवला राजद्रोहाचा. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितलं, ‘डिसअफेक्शन’ म्हणजे प्रीतीचा अभाव. सहा युरोपियन, तीन हिंदी. निकालही सहा विरुद्ध तीन. लेख मराठी, पुरावा इंग्रजी, शिक्षा दीड वर्षाची सक्तमजुरी. पुढच्याच वर्षी त्या कलमाची व्याप्ती वाढवली गेली आणि सोबत १५३-अ आलं. तेच आज भारतीय न्याय संहितेत कलम १९६ होऊन बसलं आहे. नाव स्वदेशी झालं, एवढंच.

१९०८ च्या खटल्यात टिळकांनी स्वतःच बचाव केला आणि सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने ती एकदा वाचावी. कोशात बिनचूक असलेला शब्द वाक्यात बसवल्यावर किती खोटं बोलू शकतो, ते कळतं. अर्थात ज्यूरीला कळलं नाही. सात विरुद्ध दोन, सहा वर्षं मंडाले.

१९१६ मात्र वेगळं गेलं. बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून टिळकांकडे वीस हजारांचा जातमुचलका मागितला होता. उच्च न्यायालयात जिना उभे राहिले, आणि न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी सुटी वाक्यं न उचलता अख्खं भाषण पाहून तो हुकूम रद्द केला.

सुटं वाक्य फसवतं, आणि दोन्ही बाजूंनी फसवतं. ‘तंगडी मोडून हातात देईन’ हे आई रोज म्हणते. इंग्रजीत नेलंत तर तिच्यावर गुन्हा दाखल होईल. उलट ‘कोथळा’ हा एकच शब्द विशिष्ट मोहल्ल्याच्या तोंडाशी, मिरवणूक थांबवून, ध्वनिक्षेपकावरून तीनदा म्हटला, तर त्याला क्रियापद लागत नाही. भाषांतरात ती इतिहासाची आठवण ठरते आणि वक्ता हारतुरे घेऊन घरी जातो. मला या दुसऱ्या माणसाची जास्त चीड आहे.

न्यायालयाने रेषा आखलेली नाही असं नाही. १९६२ च्या केदारनाथ सिंह निकालात ती आहे. पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या चार ओळींसाठी अटक झाल्यानंतर जो लढा उभा राहिला, त्यात २०१५ साली कलम ६६-अ रद्द झालं. तिथे तर चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असे तीन टप्पे स्पष्ट सांगितले. मर्यादा लागू होते ती तिसऱ्यावर. पण ठाण्यातल्या फौजदाराकडे जी तक्रार येते ती चिथावणीची नसते, ‘भावना दुखावल्या’ची असते. भावना म्हणजे स्ट्रेचीसाहेबांची तीच प्रीती, फक्त मालक बदललेला.

‘तुम्ही शब्दांचा कीस काढत बसाल, तोवर गाव पेटेल,’ असं मला सांगितलं जातं. गाव पेटत असेल तर जमाव हटवा, ध्वनिक्षेपक बंद करा. त्याला शब्दकोश लागत नाही. माणसाला तुरुंगात घालायला लागतो. बेळगावातलं मराठी भाषण न्यायालयात जातं ते कन्नड किंवा इंग्रजी होऊन. तिथे मूळ ध्वनिमुद्रण ऐकवलं जावं. भाषांतरकार पोलिसांनी नेमलेला एकटा नसावा, आरोपीचाही असावा, आणि दोघांची उलटतपासणी व्हावी. न्यायाधीशांनी विचारावं: समोर कोण उभं होतं, किती वाजले होते, आणि त्या लोकांना काय करायला सांगितलं गेलं?