बाबांच्या पेटीचं काय करायचं?

तेरावं उरकलं की घरातल्या वस्तूंचा हिशेब सुरू होतो. कपडे वाटले जातात, मोबाइल कोणीतरी वापरायला घेतं, चष्मा कपाटात राहतो. अडतं ते हत्यारांच्या पेटीपाशी. वडील सुतार असतील तर तिच्यात रंधे, पटाश्या, करवती, गुण्या. फिटर असतील तर कानशी, पाने, व्हर्नियर. इलेक्ट्रिशियन असतील तर पकड, टेस्टर, ड्रिल मशीन. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, मुलगी नर्सिंगला. दोघांनाही त्यातलं काही चालवता येत नाही. मग काका म्हणतात, ‘एवढं लोखंड कशाला ठेवता? देऊन टाका.’ आई गप्प बसते.

तुमच्यापैकी काहींच्या घरात हे होऊन गेलंय. कोविडच्या दोन वर्षांनंतर तर वर्गात असा एखादा मित्र, एखादी मैत्रीण असतेच. आणि निर्णय घ्यायची वेळ आली की सगळे तुमच्याकडेच बघतात, कारण ‘शिकलेले’ तुम्ही.

आमचं मत सरळ आहे. वापरणार असाल तर ठेवा, नसाल तर विका, आणि विकलं म्हणून मनाला खात बसू नका. फक्त किलोवर विकू नका.

कायद्यानेही अवजारांकडे नुसतं लोखंड म्हणून पाहिलेलं नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ची. तिच्या कलम ६० प्रमाणे कर्जदाराच्या मालमत्तेवर जप्ती आली तरी कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत. टीव्ही जाईल, गाडी जाईल, रंधा राहील. कारण उद्याची भाकरी त्याच्यावर आहे. म्हणजे हत्याराची किंमत ते चालवणाऱ्या हाताशी बांधलेली आहे. तो हात गेला, तर दुसरा शोधायचा. माळ्यावर गंजत पडलेली पेटी म्हणजे बाबांची आठवण, असं आम्हाला वाटत नाही.

भंगारवाल्याची यात काही चूक नाही. त्याच्या काट्यावर पटाशी आणि तुटका नळ एकाच भावाने जातात, तो त्याचा धंदा. पण सुतार तीच पटाशी हातात घेऊन धारेवरून अंगठा फिरवतो, मूठ बघतो, आणि मग भाव बोलतो. पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात असे हात फिरवणारे खूप दिसतात. पण तिथे जाण्याआधी बाबांच्या हाताखाली काम केलेल्या माणसाला घरी बोलवा. पेटीतलं कुठलं हत्यार दुसऱ्याकडून मागून आणलेलं आहे, बाबांची ड्रिल मशीन कोणाच्या साइटवर राहिलीय, कुठल्या गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स घेतलेला आहे, हे त्यालाच ठाऊक असतं. घरच्यांना यातलं बरंचसं कधी कळलेलंच नसतं.

भाव ठरवताना एक आकडा लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, शिंपी अशा १८ व्यवसायांतल्या कारागिरांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. कामाला लागणाऱ्या हत्यारांना खर्च येतो, हे सरकारनेही धरून चाललंय. तेव्हा चालू स्थितीतला अख्खा संच चारशे-पाचशेत ‘उचलून नेतो’ म्हणणाऱ्याला हसून नाही म्हणा. बाबांच्याच शागिर्दाला स्वस्तात दिला, हप्त्याने दिला, तर गोष्ट वेगळी.

विकायचं कोणी, हा प्रश्न काका सोडवू शकत नाहीत. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे त्यांच्या स्वतःच्या कमाईच्या वस्तूंवर आई, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आजी, सगळ्यांचा सारखा हक्क. ताईचं लग्न झालंय म्हणून तिला विचारायचं नाही, असं नसतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी पहिला शब्द आईचा. तिला खंडेनवमीला झेंडूचं फूल वाहायला एक रंधा घरात हवा असेल, तर तो ठेवायचा. तोही वापरच. मात्र अख्खी पेटी वर्षातून एकदा पुजायची आणि पावसाळाभर ओल खायला सोडायची, हे नको. ठेवणार असाल तर पात्यांना तेल लावा, आणि किमान स्क्रू पिळायला, फळी ठोकायला तरी शिका. हॉस्टेलवर उपयोगी पडेल.

फी भरायची म्हणून विकत असाल, तर तसं घरात मोठ्याने बोला. बाबांनी कमवायलाच ती घेतली होती. त्यातून एक सेमिस्टर निघालं तर त्यात लाजण्यासारखं काय?

आणि हो, आई गेली असेल तर तिच्याही हत्यारांचा विचार करा. शिलाई मशीनला घरात कोणी ‘हत्यार’ म्हणत नाही, म्हणून ती बहुतेक कोणाला तरी फुकटात जाते. तिने त्यावर ब्लाऊज शिवून तुमच्या दहावीच्या क्लासची फी भरलेली असली तरी! तीही विकायची तर शिवणाऱ्या बाईलाच विका. आणि बॉबिन, सुया, तेलाची कुपी, मोठी कात्री असं सगळं सोबत द्या. घेणारीला ते पहिल्याच दिवशी लागतं.