नकाशावरून पुसलेले विटेनूम

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थहून उत्तरेकडे सुमारे चौदाशे किलोमीटर गेले की पिलबरा प्रदेशातले करिजिनी राष्ट्रीय उद्यान लागते. तंबू, पाण्याचे डबे, जादा टायर आणि इंधन घेऊन हा प्रवास करणाऱ्यांत पर्थला स्थायिक झालेली भारतीय कुटुंबेही आता असतात. तिथल्या घळयांच्या भिंतींवर तांबडे, करडे, जांभळट पट्टे एकावर एक रचलेले दिसतात. सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी लोह आणि सिलिका साचत जाऊन ते तयार झाले. याच प्रकारचे खडक जवळच्या टॉम प्राइस आणि न्यूमन या गावांपाशी सुरुंग लावून फोडतात आणि त्यातले लोहखनिज दोन किलोमीटरांहून लांब मालगाड्यांनी बंदरावर नेतात. प्रवासी ज्याच्यापुढे उभा राहून फोटो काढतो आणि कंपनी ज्याचे टन मोजते, तो दगड एकाच जातीचा आहे. मध्ये आहे ती उद्यानाच्या हद्दीची नकाशावरची रेघ.

या दगडाच्या थरांत काही ठिकाणी निळसर तंतूंच्या शिरा सापडतात. तो निळा ॲस्बेस्टॉस. उद्यानाच्या उत्तरेला लागून असलेल्या विटेनूमच्या घळईत १९४३ पासून एका साखर कंपनीच्या उपकंपनीने तो काढला. खाणीत आणि गिरणीत धूळ इतकी असे की १९४८ मध्येच एरिक सेंट या डॉक्टरांनी आरोग्य खात्याला कळवले होते की इथे फुफ्फुसाच्या रोगाचे भयंकर पीक येईल. तरी खाण आणखी अठरा वर्षे चालली. उरलेला चुरा फुकट मिळे, म्हणून तो विटेनूम गावाच्या रस्त्यांवर, शाळेच्या आवारात, घरांच्या अंगणांत पसरला गेला. मुले त्यात खेळली. १९६६ मध्ये खाण बंद झाली ती तोट्यात गेली म्हणून. माणसांच्या छातीची काळजी हे त्याचे कारण नव्हते.

खाणीच्या काळात तिथे वीस हजारांच्या आसपास माणसे राहून किंवा काम करून गेली. त्यांत युरोपातून, विशेषतः इटलीतून आलेले स्थलांतरित मजूर पुष्कळ होते. दोन हजारांहून अधिक लोक ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या आजारांनी मेले. त्यांतला सर्वांत क्रूर आजार मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. तंतू श्वासातून आत गेल्यावर हा आजार उमटायला वीस ते पन्नास वर्षे लागू शकतात. खाणीत कधी पाऊलही न टाकलेल्या बायका नवऱ्यांचे कपडे धुऊन आजारी पडल्या. अंगणात खेळलेली मुले प्रौढपणी गेली.

या दीर्घ मुदतीमुळेच हा धोका हाताळायला कठीण आहे. उन्हाचा झटका त्याच दिवशी कळतो, पाणी संपले की तासाभरात कळते, म्हणून वाळवंटातला प्रवासी त्यांची तयारी करतो. तंतू डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, त्याने लगेच खोकलाही येत नाही. तो कपड्यांवर, बुटांवर, तंबूच्या कापडावर, गाडीच्या आसनांवर बसून बरोबर येतो आणि पुढच्या मुक्कामात कोणी अंथरूण झटकले की पुन्हा हवेत उडतो. विटेनूमला भेट देणारे अनेकजण ‘आम्हाला काही झाले नाही’ असे सांगतात. त्या वाक्याला तीस वर्षांनीच अर्थ येईल.

सरकारने काय केले? गावाची वीज २००६ मध्ये तोडली, २००७ मध्ये गावाचा अधिकृत दर्जा काढून घेतला, नाव नकाशांवरून आणि रस्त्यावरच्या पाट्यांवरून उतरवले. २०२२ मध्ये खास कायदा करून शेवटच्या रहिवाशाला बाहेर काढले आणि त्यानंतर इमारती पाडल्या. लोकांना तिथून दूर ठेवणे योग्यच होते. पण घळईत पडलेला सुमारे तीस लाख टन चुरा जागीच राहिला. दर पावसाळ्यात त्यातला काही पाण्याबरोबर खाली वाहतो. ४६,८४० हेक्टर जमीन दूषित म्हणून घोषित आहे आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या वावरलेल्या बांजिमा लोकांना ती आपलीच भूमी वर्ज्य झाली आहे. ते ती साफ करून मागत आहेत.

जमत नाही म्हणून ही सफाई राहिली, असे मला वाटत नाही. जानेवारी २०२३ मध्ये याच पिलबरातल्या एका लोहखाणीतून पर्थकडे निघालेल्या ट्रकमधून सीझियम-१३७ ची आठ मिलिमीटर लांबीची किरणोत्सारी कुपी रस्त्यात पडली. सरकारने जाहीर इशारा दिला, यंत्रे लावून चौदाशे किलोमीटरांचा रस्ता धुंडाळला आणि १ फेब्रुवारीला न्यूमनच्या दक्षिणेला ती शोधून काढली. वाटाण्याएवढ्या वस्तूसाठी एवढी जिद्द दाखवणारे राज्य तीस लाख टनांपुढे पाट्या काढून थांबते. कुपी हरवली ही बातमी होती. विटेनूम ही सवय झाली आहे, आणि सवयीचा धोका कोणाच्याच अंदाजपत्रकात बसत नाही.

पाटी नाही म्हणजे धोका नाही, असे समजणे पिलबरात घातक आहे. करिजिनीच्या डेल्स घळईजवळच्या, जॉफ्र घळईजवळच्या ठरलेल्या तळांवर खुशाल मुक्काम करा. त्या जागा पाहण्यासारख्याच आहेत. विटेनूम आणि यॅम्पायर घळईच्या बंद रस्त्यांकडे मात्र वळू नका. समाजमाध्यमांवरचे ‘भुताच्या गावा’चे फोटो हे तिथे जाण्याचे कारण होऊ शकत नाही. मुले बरोबर असतील तर मुळीच नाही, कारण त्यांच्यापुढे आजार उमटायला लागणारी सगळी वर्षे शिल्लक असतात.

हा धोका पिलबरापुरता नाही. ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीपासून सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची आयात अजून चालू आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत. आपल्याकडे गोठ्यांवर, कारखान्यांवर, चाळींच्या पडव्यांवर आपण ज्यांना सिमेंटचे पत्रे म्हणतो, त्यांतल्या कित्येकांत ॲस्बेस्टॉस आहे. असा जुना पत्रा करवतीने कापू नका, फोडू नका, त्याचा चुरा अंगणात किंवा रस्त्याच्या खड्ड्यात भरू नका. विटेनूमच्या अंगणांत हेच केले होते.