कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर?



तुमच्यापैकी जे ठाणे-कल्याण पट्ट्यात राहतात, त्यांना आज आधी एक प्रश्न. पारसिकचा बोगदा आठवतो का? फास्ट लोकल ठाणं सोडायची, खाडी मागे पडायची आणि एकदम डब्यात काळोख! मग सगळी पोरं मिळून जी काय बोंब ठोकायची, विचारू नका. समोरचे काका पेपर खाली करून "गप्प बसा रे!" म्हणायचे, पण बोगदा संपेपर्यंत ऐकतो कोण?

हा बोगदा सव्वा किलोमीटरहून थोडा लांब. 1916 साली सुरू झाला. म्हणजे तुमच्या पणजोबांच्या काळापासून मुलं त्यात ओरडत आली. पण फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे-दिवा दरम्यान रुळांची नवी जोडी सुरू झाली आणि फास्ट लोकल कळवा-मुंब्र्यावरून जायला लागल्या. बोगद्यातून आता मेल-एक्सप्रेस जातात. तुमच्या धाकट्या बहिणीला लोकलमध्ये ओरडायचा तो बोगदा ठाऊकच नसेल. सांगून बघा तिला. "काहीतरीच काय!" म्हणेल.

बघा, तुम्ही अजून दहावीत नाही आणि तुमच्याजवळ गावाचा एक इतिहास जमलासुद्धा! मग ज्यांनी ऐंशी पावसाळे पाहिलेत त्यांच्याजवळ काय काय असेल?

अलीकडेच डोंबिवलीच्या एका आजींशी गप्पा झाल्या. त्या म्हणाल्या, "आमच्या घरापासून शाळेपर्यंत भातशेती होती. पावसाळ्यात चपला हातात घ्यायच्या आणि बांधावरून जायचं. वाटेत खेकडा दिसला की शाळा गेली उडत!" पाणी विहिरीचं. रात्री बेडकांचा एवढा गोंगाट की झोप लागेना. आणि एक गंमत. घरासमोरून विजेवरची गाडी धडधडत जायची, पण घरात मात्र कंदील! जवळच ठाकुर्लीला रेल्वेचं स्वतःचं वीजघर होतं, चोळा पॉवर हाउस. 1929 च्या सुमारास ते कोळशावर सुरू झालं. मुंबईहून कल्याणच्या पुढे, घाट चढून जाणाऱ्या गाड्यांसाठी वीज हवी म्हणून बांधलेलं. गाडीला वीज आणि माणसाला रॉकेल, असा तो न्याय. पुढे 1980 च्या दशकात हे वीजघर बंद पडलं.

मी विचारलं, "आजी, हे कोणत्या साली?"

"साल कुठलं लक्षात राहायला! मी तिसरी-चौथीत असेन."

इथेच बहुतेक जण वही मिटतात. तुम्ही मिटू नका. कारण मोठ्या माणसांना साल आठवत नसलं, तरी सालाच्या आजूबाजूचं सगळं आठवतं. आपण फक्त खुंट्या शोधायच्या.

पहिली खुंटी कोयनेचा भूकंप. 11 डिसेंबर 1967, पहाटे सव्वाचारच्या पुढे. इकडे ठाणे-मुंबईकडेही फळीवरची भांडी वाजली होती. त्या वेळी जो शाळकरी होता, तो ती पहाट विसरत नाही. म्हणून विचारायचं, "भूकंपाआधी की नंतर?" आमच्या आजी लगेच म्हणाल्या, "छे, भूकंपाला तर माझा मोठा मुलगा मांडीवर होता." म्हणजे भातशेती त्याच्या बरीच आधीची.

दुसरी खुंटी नाण्यांची. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी सोळा आणे. पण इथे सांभाळून हं! आणे गेले तरी लोकांच्या तोंडातून गेले नाहीत. पंचवीस पैशांना "चार आणे" म्हणणं पुढे कित्येक वर्षं चालू होतं. तेव्हा नुसतं "आण्यात मिळायचं" यावर विसंबू नका. मधे भोक असलेला पैसा आठवतो का, ते विचारा. तो नाण्यांच्या बदलाआधीच्या काळातला, 1943 ते 1947 मध्ये पाडलेला. आमच्या आजींना तो आठवत होता. मुली तो दोऱ्यात ओवून खेळायच्या म्हणे. झालं! तिसरी-चौथीतल्या आजी आणि ती भातशेती आपण 1950 नंतरच्या पाच-सहा वर्षांत आणून बसवली. एकही पुस्तक न उघडता.

आणखी खुंट्या हव्यात? चीनची लढाई 1962 ची. मुंबईत टीव्ही आला 2 ऑक्टोबर 1972 ला. रेल्वेचा मोठा संप मे 1974 चा, आणि लोकलवर जगणाऱ्या या पट्ट्यात तो कुणी विसरणं शक्यच नाही. खास डोंबिवलीसाठी 1964 धरा. त्या सुमारास एमआयडीसी आली, कारखाने उभे राहिले. मुंबईत जागा परवडेना म्हणून गिरगाव-दादरच्या चाळींतली बिऱ्हाडंही इकडे येत राहिली आणि भाताच्या खाचरांत इमारती उगवल्या.

उलटंही घडतं बरं का. काही गोष्टी फार जुन्या वाटतात आणि नसतात. गुढीपाडव्याला डोंबिवलीत निघणारी शोभायात्रा बघून वाटतं, ही पेशवाईपासून चालू असणार! गणेश मंदिर 1924 चं, पण शोभायात्रा सुरू झाली 1999 साली. तुमचे आई-बाबा तिच्यापेक्षा मोठे आहेत. त्यांना विचारा, पहिल्या वर्षी ते कुठे उभे होते?

"पण आठवणी म्हणजे काय इतिहास?" असं कुणीतरी शहाणा म्हणेलच. त्याला ठाण्याच्या किल्ल्याची गोष्ट सांगा. आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे, तोच हा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला, 1774 मध्ये इंग्रजांनी. तिथे इंग्रजांनी पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांना कैदेत ठेवलं होतं. पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा, फितुरी नको म्हणून. पण एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार रोज घोडा फिरवत खिडकीखालून जायचा आणि मजेत गाणी म्हणायचा. पहारेकऱ्यांना मराठीचा गंध नाही. ते आपले ऐकत उभे. त्या गाण्यांतच पळून जायचा सगळा बेत होता! 1816 च्या सप्टेंबरात त्र्यंबकजी निसटले. दोन वर्षांनी ते पुन्हा पकडले गेले, पण ही गोष्ट लोकांच्या तोंडी राहिली आणि पुढे बिशप हेबर नावाच्या इंग्रजाने ती आपल्या प्रवासवर्णनात टिपली. शिपायांनी ज्याला नुसतं गाणं समजलं, तोच आज इतिहास आहे.

याच तुरुंगात 19 एप्रिल 1910 रोजी अनंत कान्हेरे यांना फाशी दिलं. वय अवघं अठराच्या आसपास. म्हणजे तुमच्या कॉलेजातल्या दादाएवढं. त्या भिंतीजवळून जाताना हे कुणी सांगितलं नाही, तर ती नुसती भिंतच.

कल्याणकरांनी रुसू नये! तुमचं सार्वजनिक वाचनालय 1864 पासूनचं. त्याच्या पुढच्याच वर्षी कल्याणात एक मुलगी जन्मली. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न, आणि 1886 मध्ये अमेरिकेत जाऊन डॉक्टर. बरोबर, आनंदीबाई जोशी! तुमच्या आजीला विचारा, तिच्या लहानपणी वाचनालयात मुली जायच्या का, आणि घरून जाऊ द्यायचे का. उत्तर ऐकून चकित व्हाल, नाहीतर रागवाल.

आता या सुट्टीतलं काम. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या आजी-आजोबांना गाठा. "तुमच्या वेळी कसं होतं?" असं विचारू नका, नाहीतर "आमच्या वेळी असं नव्हतं" यापुढे गाडी सरकणार नाही. बारीक विचारा. शाळेत कोणत्या वाटेने जायचात? भीती कशाची वाटायची? मार कशाबद्दल खाल्लात? आणि पोहायला कोणत्या तळ्यात शिकलात?

हा शेवटचा प्रश्न ठाणेकरांनी चुकवू नका. ठाण्यात एकेकाळी साठाच्या आसपास तलाव होते, असं सांगतात. आज पस्तीसेक उरलेत. मासुंदा, कचराळी, उपवन ही नावं तुम्हालाही येतात. पण आजोबांनी जर भलतंच नाव सांगितलं, तर त्यांचा हात धरून तिथे जा. काठ कुठून कुठे होता, घाटाच्या पायऱ्या कुठे होत्या, ते त्यांना दाखवू दे. त्या जागी आता इमारत असेल, नाहीतर गाड्या उभ्या असतील. तुम्ही वहीत नकाशा काढा, खाली आजोबांचं वय आणि भूकंपाआधी की नंतर ते लिहा, आणि आमच्याकडे पाठवा. घाई करा हं. आमच्या त्या डोंबिवलीच्या आजींच्या वर्गात अठरा मुली होत्या. परवा फोनवर त्या म्हणाल्या, "आता आम्ही तिघी."